नांगर कोणी उचलला? जिवाणू, जनुकं आणि 'नियंत्रण' नावाचा शब्द

(हर्णे येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



काल संध्याकाळी ओहोटीच्या वेळेला मी खाली किनाऱ्यावर गेलो होतो. लिलाव ऐन रंगात आला होता, बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांमधली मासळी उतरवून घेत होत्या, समोर सुवर्णदुर्ग. आणि सत्तरी उलटलेल्या माणसानं जे करू नये ते मी केलं. एका खडकावर पाय ठेवला आणि घसरलो. शेजारच्या मावशींनी दंड धरला म्हणून आज इथे उभा आहे. त्या म्हणाल्या, "काका, दगड नका बघू, त्याच्यावरची बुळबुळ बघा."

आज मी त्या बुळबुळीबद्दलच बोलणार आहे.

तुम्ही इथली माणसं तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. होडीच्या बुडाला ती धरते, दोराला धरते, मासळीच्या क्रेटला धरते. नवीन रंगवलेली फळी समुद्रात सोडली की काही तासांतच तिच्यावर जिवाणू येऊन बसतात. बसले की स्वतःभोवती साखरेच्या लांबलचक साखळ्या, प्रथिनं असा चिकट माल सोडतात आणि त्यातच घर करतात. त्यांच्यामागून शेवाळं येतं, मग कवचवाले जीव येतात, आणि मग होडी जड होते, डिझेल जास्त लागतं. या पहिल्या चिकट थराला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात. मी दोन्ही शब्द वापरीन, पण बुळबुळ जास्त आवडतो.

आता एक खुलासा. मी जीवशास्त्रज्ञ नाही. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आणि सगळी नोकरी तेच शिकवण्यात गेली. मग या विषयात नाक का खुपसतोय? तर निवृत्तीनंतर हे वाचायला लागलो, आणि एक शब्द मला सारखा टोचायला लागला. प्रत्येक लेखात तो असतो. अमुक जनुक बायोफिल्मचं 'नियंत्रण' करतं. तमुक जनुक जिवाणूच्या विकासाचं 'नियंत्रण' करतं. मी म्हटलं, अरे, नियंत्रण म्हणजे काय? आपल्याकडे नियंत्रण म्हटलं की साहेब डोळ्यांपुढे येतो. खुर्ची, सही, शिपाई. जिवाणूच्या पेशीत साहेब कुठे बसतो?

एक साधा जिवाणू घेऊ. बॅसिलस सब्टिलिस. मातीत असतो, वाळल्या गवतात असतो, बहुधा तुमच्या अंगणातही आहे. निरुपद्रवी. त्याच्याकडे साधारण ४,२०० जनुकं आहेत. खायला भरपूर असेल तेव्हा हा सुटा सुटा राहतो, शेपट्या फिरवत पोहतो. अन्न कमी झालं, गर्दी झाली, की त्याच्यापुढे वाटा येतात. एक वाट बुळबुळीची: एकत्र या, चिकटा, घर बांधा. दुसरी टोकाची: बीजाणू बना.

बीजाणू ही काय चीज आहे ते जरा सांगतो, कारण पुढे लागणार आहे. पेशी मध्यावर दुभंगण्याऐवजी एका टोकाला भिंत घालते. एक खोली मोठी, एक छोटी. मग मोठी खोली छोटीला चक्क गिळते आणि तिच्याभोवती कवचावर कवच चढवते. छोट्या खोलीतलं पाणी जवळपास काढून घेतलं जातं, कॅल्शियमबरोबर एक खास आम्ल भरलं जातं, डीएनएला छोट्या प्रथिनांनी लपेटलं जातं. सात-आठ तासांचं काम आहे. काम झालं की मोठी खोली मरते. आई मरते आणि बीजाणू बाहेर पडतो. तो खात नाही, वाढत नाही, हलत नाही, आणि उकळत्या पाण्यातही मरत नाही. फर्डिनांड कोन यानं १८७६ साली गवताच्या काढ्यात हे दाखवलं. पुढच्याच वर्षी जॉन टिंडलनं उपाय काढला: एकदा उकळायचं, दिवसभर थांबायचं, पुन्हा उकळायचं, असं तीन दिवस. मधल्या वेळात बीजाणू फसतात, बाहेर चांगलं आहे असं समजून रुजतात, आणि रुजलेला जिवाणू उकळला की मरतो. मला हे फार आवडतं. शत्रूला मारण्याआधी त्याला जागं करायचं.

या दोन खोल्यांमध्ये सिग्मा नावाची चार प्रथिनं पाळीपाळीनं कामाला लागतात. लहान खोलीत एफ, मग मोठीत ई, मग लहानीत जी, मग मोठीत के. प्रत्येक जण भिंतीपलीकडून खूण आल्याशिवाय पुढचं काम सुरू करत नाही. गवंडी आणि सुतार एकमेकांसाठी थांबतात तसं. इथेही साहेब दिसत नाही.

मग ही वाट धरायची हे ठरतं कसं? पुस्तकात एक नाव ठळक दिसेल: स्पो-झिरो-ए. हा मुख्य नियंत्रक असं लिहिलेलं असतं. मी उत्साहानं पुढे वाचायला गेलो. तर हा मुख्य साहेब स्वतःहून काहीच करत नाही. त्याच्या अंगावर फॉस्फेटचा एक तुकडा चढावा लागतो. तो तुकडा दुसरा एक त्याला देतो, त्याला तिसरा देतो, त्याला पेशीतला एखादा संवेदक देतो. बादल्या हातोहात पुढे देतात तशी रांग. आणि रांगेच्या बाजूला काही प्रथिनं अशी उभी आहेत की त्यांचं काम फक्त बादली सांडणं. फॉस्फेट काढून टाकायचं. का? कारण बीजाणू बनणं फार महागात पडतं. आठ तास घालवून कवच चढवलं आणि तेवढ्यात अन्न आलं, तर शेजारी पुढे निघून जाणार. म्हणून शक्य तितकं टाळायचं. इतकं टाळायचं की या रस्त्याला लागलेल्या काही पेशी विष सोडून आपल्याच भावंडांना मारतात, त्यांना खातात, आणि बीजाणू बनण्याची वेळ पुढे ढकलतात. हे २००३ साली दाखवलं गेलं.

आता बुळबुळीकडे या. स्पो-झिरो-ए थोडासा जागा झाला की बुळबुळ, पूर्ण जागा झाला की बीजाणू, असं ढोबळपणे म्हणता येईल. पण बुळबुळ सुरू कशी होते ते बघा. साखरेच्या साखळ्या बनवणारी जनुकं तयार बसलेली आहेत. पण त्यांच्यावर सिन-आर नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं. ते त्यांना चालू होऊ देत नाही. स्पो-झिरो-ए थोडा जागा झाला की दुसरं एक प्रथिन तयार होतं, सिन-आय. हे सिन-आय बुळबुळ बनवतं का? नाही. ते बुळबुळीच्या जनुकांना हातसुद्धा लावत नाही. ते फक्त जाऊन सिन-आरला मिठी मारतं. सिन-आर अडकला, त्याचा हात जनुकांवरून सुटला, आणि बुळबुळ सुरू.

म्हणजे नियंत्रण म्हणजे बहुतेक वेळा अडवणं. आणि 'सुरू करणं' म्हणजे अडवणाऱ्याला अडवणं.

तुमच्यातलं उदाहरण देतो. होडी नांगरलेली आहे. पाण्याला ओढ आहे. नांगर उचलला, होडी निघाली. आपण म्हणतो, नांगर उचलला म्हणून होडी चालली. अगदी बरोबर. पण होडीला ढकललं कोणी? पाण्यानं. ते आधीपासूनच ढकलत होतं. नांगर उचलणाऱ्यानं ढकललं नाही, त्यानं एक अडथळा नाहीसा केला. मग 'नसणं' हे कारण होऊ शकतं का?

इथे माझ्या पोटापाण्याचा विषय उपयोगी पडला. हा प्रश्न आपल्याकडे शेकडो वर्षं कडाक्यानं भांडला गेलाय. अग्नी जाळतो. पण एक विशिष्ट मणी जवळ ठेवला तर जाळत नाही, असं तेव्हा मानत. असा मणी खरंच असतो का, हा प्रश्न बाजूला ठेवा. मीमांसक म्हणाले, अग्नीत दाहशक्ती नावाची वेगळी गोष्ट आहे, मणी ती शक्ती नष्ट करतो, काढला की शक्ती परत येते. नैयायिक म्हणाले, छे, असली अदृश्य शक्ती मानायची गरज नाही. अग्नी हवा, लाकूड हवं, आणि मणी नसायला हवा. मण्याचं नसणं हेही कारणांपैकी एक. याला त्यांनी नाव दिलं प्रतिबंधकाभाव. प्रतिबंधक म्हणजे अडवणारा, त्याचा अभाव.

मग प्रतिपक्ष म्हणाला, पण दुसरा एक मणी आहे, तो आणून ठेवला की पहिला मणी तिथेच असूनही अग्नी जाळतो. आता काय म्हणाल? पहिला मणी तर नाहीसा झालेला नाही! नैयायिकांनी त्या दुसऱ्या मण्याला उत्तेजक म्हटलं आणि व्याख्या दुरुस्त केली: उत्तेजक जवळ नसलेला असा जो प्रतिबंधक, त्याचा अभाव हवा. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या न्यायसिद्धान्तमुक्तावलीत हे विद्यार्थ्यांसाठी मांडलेलं आहे. मी ते कित्येक वर्षं शिकवलं, आणि खरं सांगतो, मनातून मला ती शब्दांची कसरत वाटायची. पोरंही जांभया द्यायची. आणि मग म्हातारपणी सिन-आर आणि सिन-आयचं वाचलं. सिन-आर हा पहिला मणी. सिन-आय हा दुसरा. सिन-आर पेशीत असतोच, नाहीसा होत नाही, फक्त सिन-आयच्या मिठीत असतो. उत्तेजक. मी पुस्तक मिटून बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो.

आपल्या पूर्वजांना जनुकं माहीत होती असं मी म्हणत नाहीये, कृपा करून व्हॉट्सअ‍ॅपवर तसं पाठवू नका. त्यांना जनुकांचा पत्ता नव्हता. पण कारण म्हणजे काय याचा विचार त्यांनी चांगला केला होता, आणि तो विचार इथे चालतो. एवढंच.

एवढ्यावर थांबलो तर तुम्ही म्हणाल, प्राध्यापकाची हौस झाली. पण या प्रश्नावर माणसांचे जीव आणि अब्रू अवलंबून होती, आणि तीही आपल्याच मुंबईत. म्हणून आता १८९६ सालात चला.

त्या वर्षी २३ सप्टेंबरला डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पुण्यात १० मार्च १८९७ ला रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई प्लेगनं गेल्या. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं या रोगानं गेली. पण तेव्हा लोकांना हेच कळत नव्हतं की हा पसरतो कसा. हवेतून? धान्यातून? स्पर्शातून? १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांवर बोट ठेवलं, बऱ्याच जणांनी हसण्यावारी नेलं. मग मुंबईत ग्लेन लिस्टन आणि परळच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर किती पिसवा गोळा होतात ते मोजलं, पिंजरे उंचावर टांगून पिसवांना पोचू न देता काय होतं ते पाहिलं. पिसू हीच वाहक, हे पक्कं झालं.

पण पिसू चावून रोग देते म्हणजे नेमकं काय करते? १९१४ साली बेकट आणि मार्टिन यांनी पिसवा कापून पाहिल्या. पिसूच्या जठराच्या तोंडाशी काटेरी झडप असते. प्लेगच्या जिवाणूंनी तिथे चिकट गोळा करून ती झडप बुजवून टाकली होती. पिसू रक्त ओढते, पोटात जातच नाही. उपाशी पिसू वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चावते. ओढलेलं रक्त त्या गोळ्यावर आपटून, जिवाणू घेऊन, जखमेत परत येतं.

तो गोळा म्हणजे बुळबुळ. कालच्या खडकावरची, तीच जात. ज्या साखरेच्या साखळीनं तो बनतो तिचा मणका तुमच्या कोळंबीच्या कवचातलाच आहे, फक्त जोडणी वेगळी. आणि पिसवा झडप न बुजताही थोडाफार रोग देतात, हेही खरं आहे. पण बुजलेली पिसू फार वाईट.

ही साखळी बनवणारी जनुकं एचएमएस नावाची. १९९६ साली हिनेबुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोडून पाहिली. जिवाणू पिसूत जगला, पण झडप बुजली नाही. गंमत अशी की ही यंत्रणा पिसूच्या थंड अंगात चालते, माणसाच्या ३७ अंशांत बंद पडते. कारण बुळबुळीचा निरोप तयार करणारं एक प्रथिन उष्णतेत टिकत नाही. पिसूत चिकट, माणसात सुटा. यातही कोणी ठरवणारा नाही. उष्णताच ठरवते.

आता मुख्य मुद्दा. प्लेगचा जिवाणू काही हजार वर्षांपूर्वी एका बऱ्याच सौम्य भाऊबंदापासून वेगळा झाला. तो भाऊ पोट बिघडवतो, पण पिसूत असा गोळा करू शकत नाही. त्याच्याकडेही एचएमएस जनुकं आहेतच! मग फरक कशात? आपल्याला वाटतं, भयंकर रोग म्हणजे काहीतरी नवीन शस्त्र मिळालं असणार. एक मिळालं होतं खरं, वायएमटी नावाचं जनुक, त्यामुळे तो पिसूच्या पोटात रक्त पचताना होणाऱ्या विषातून वाचतो. पण बाकी सगळं गमावण्यातून झालं. भावाकडे आरसीएस-ए नावाचं जनुक आहे, त्याचं काम बुळबुळ अडवणं. प्लेगच्या जिवाणूत त्या जनुकात ३० अक्षरं चुकून दोनदा लिहिली गेली आणि ते निकामी झालं. बुळबुळीचा निरोप पुसणारी आणखी दोन जनुकं बंद पडली. एक चौथं मोडलं, त्यामुळे पिसू लवकर मरेनाशी झाली. २०१४ साली शास्त्रज्ञांनी सौम्य भावात हे बदल एकेक करून पाहिले आणि त्याला पिसूत राहायला शिकवलं.

मणी काढला गेला. नांगर तुटला. एवढ्यानं.

पण थांबा. मोडलेली जनुकं तर प्लेगच्या जिवाणूत पुष्कळ आहेत. २००१ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला तेव्हा अशी १४९ मोजली गेली. मग हीच कारण, बाकीची नाहीत, हे कशावरून? नसणं हे कारण मानलं की पंचाईत होते. जगात नसलेल्या गोष्टी तर अगणित आहेत. माझ्या घरी हत्ती नाही, म्हणून मी काल घसरलो का? याचं उत्तर सोपं आहे पण विसरलं जातं. जे नाही, ते असतं तर हे घडणं खरोखर अडलं असतं का? अडलं असतं, तरच त्याचा अभाव कारण. शास्त्रज्ञांनी नेमकं तेच केलं. २००८ साली चांगलं आरसीएस-ए परत प्लेगच्या जिवाणूत घातलं. बुळबुळ दबली. म्हणजे तो खरा प्रतिबंधक होता. बाकीच्यांना नैयायिकांकडे फार छान शब्द आहे, अन्यथासिद्ध. घट बनवताना माती वाहून आणणारं कुंभाराचं गाढव तिथे असतंच, पण ते घटाचं कारण नाही. आम्ही वर्गात हे सांगितलं की तेवढ्यापुरती पोरं जागी व्हायची.

आता हाफकिन. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले, भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशा जागेत बसून प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावानं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पण मधल्या काळात या माणसाची काय दशा झाली ते कमी लोकांना माहीत असतं.

पंजाबात, आता पाकिस्तानात आहे ते मुल्कोवाल गाव. ३० ऑक्टोबर १९०२. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती, बाकीच्या बाटल्यांतून कोणालाही काही झालं नाही. बाटली परळहून आलेली. चौकशी बसली. आणि चौकशीला एक 'नसलेली' गोष्ट सापडली: हाफकिन यांनी लसीत आधी घालत असत ते कार्बोलिक आम्ल घालणं बंद केलं होतं. लस उष्णतेनं मारत होते, काम लवकर व्हावं म्हणून. झालं! कार्बोलिक नव्हतं, म्हणून माणसं मेली. हाफकिन निलंबित.

आता तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत, तुम्हीच न्यायाधीश व्हा. धनुर्वाताचा जिवाणू बीजाणू बनवणारा आहे. आपल्या बॅसिलससारखाच तोही स्पो-झिरो-एच्या रस्त्यानं जातो, फक्त त्या गटात बादल्यांची रांग आखूड असते. मातीत, शेणात त्याचे बीजाणू पडलेले असतात. आणि लसीत घालत तेवढ्या कार्बोलिकनं बीजाणू मरत नाहीत. त्या कवचाचं कामच ते आहे. म्हणजे कार्बोलिक घातलं असतं तरी बीजाणू तसेच राहिले असते. मग कार्बोलिकचा अभाव हे कारण कसं? ते गाढव आहे! कुंभाराचं गाढव! (हशा) आणि खरं कारण? बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. ज्योतीतून नीट काढला असता तर त्याच्यावरचे बीजाणू जळाले असते. ज्योतीचा अभाव हा खरा प्रतिबंधकाभाव.

दोन्ही 'नसणं'च. कागदावर सारखीच दिसतात. एकामुळे १९ जीव गेले, दुसऱ्यामुळे कोणाचंच काही गेलं नाही. शिक्षा मात्र दुसऱ्याला झाली. आणि का, तर ते परळच्या नोंदींत स्पष्ट दिसत होतं, त्याच्यामागे नाव होतं, आणि ते नाव परकं होतं. हाफकिन ओडेसाचे ज्यू, डॉक्टरकीची पदवी नसलेले. शेवटचं वाक्य माझं मत आहे, माझ्या खात्यावर मांडा.

१९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून ठणकावलं, तेव्हा हाफकिन दोषमुक्त झाले. त्यांना कलकत्त्याला काम मिळालं, मुंबईची प्रयोगशाळा परत मिळाली नाही. संस्थेला त्यांचं नाव लागलं १९२५ मध्ये. आणि पाच वर्षं पंजाबात लोक लसीला घाबरले, तेव्हा प्लेगनं काय केलं असेल याची कल्पना करा.

म्हणून मला 'नियंत्रण करतं' हा शब्द टोचतो. तो शब्द ऐकला की आपण साहेब शोधतो. पेशीत शोधतो आणि गावातही शोधतो. मी आता असं वाचतो: हे जनुक काय अडवतं? त्याला कोण अडवतं? ते परत घालून पाहिलंय का?

बराच वेळ झाला. प्रश्न असतील तर घेऊ.

(एका मच्छीमार तरुणाने विचारले: बर्फात ठेवलेल्या मासळीवर पण ही बुळबुळ येते. बर्फ कमी पडतो म्हणून का?)

दोन गोष्टी आहेत बघा. बर्फानं जिवाणू मरत नाहीत, मंदावतात. आणि काही समुद्री जिवाणू थंडीतच वाढणारे असतात, शून्य अंशाजवळही. त्यामुळे बर्फ हवाच, कमी पडला तर वाईटच, पण पुरेसा टाकूनही काही दिवसांनी बुळबुळ येणार. दुसरी गोष्ट तुमच्या क्रेटची. प्लॅस्टिकच्या क्रेटला ओरखडे पडतात, त्यात आधीच्या मासळीचा थर बसलेला असतो. तुम्ही वरून ब्लीचिंगचं पाणी मारता. ते वरच्या थरातच खर्ची पडतं, आत पोचत नाही. माझं ऐकाल तर आधी साध्या पाण्यानं धुवा, मग साबण लावून ब्रशनं घासा, मग ब्लीचिंग, आणि मग कडक उन्हात वाळवा. घासण्याआधी ब्लीचिंग म्हणजे दारूगोळा भिंतीवर उडवणं.

(एका बाईंनी विचारले: रात्रीचा भात सकाळी उकळून घेतला तर चालतो ना? बीजाणू मरत नाहीत म्हणालात म्हणून विचारते.)

चांगलं विचारलंत, ताई. तांदळात बॅसिलस सब्टिलिसच्या एका भावाचे बीजाणू असतात, बॅसिलस सिरियस. भात शिजताना ते मरत नाहीत. भात गरम-कोमट असा तासन्‌तास बाहेर राहिला की ते रुजतात, वाढतात, आणि त्यातले काही उलटी आणणारं विष सोडतात. सकाळी उकळलंत तर रुजलेला जिवाणू मरेल, पण ते विष उकळूनही जात नाही. तेव्हा उकळणं उशिराचं काम आहे. भात उरला की पसरट भांड्यात काढून लवकर गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर तेवढाच शिजवा. माझी आई रात्रीच्या भाताला पाणी घालून ठेवायची, तो आंबायचा. आंबटपणात हे जिवाणू फारसे वाढत नाहीत, पण आंबायला किती वेळ लागतो आणि तोवर काय होतं, यावर मी तुम्हाला हमी देणार नाही.